संदेष्ट्याचें खरेदीखत

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें एका खरेदीखताचा इतिहास ठेवीत आहों.

ख्रिस्तपूर्व ५८८ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानें यरुशलेमेस वेढा घातला. दुबळ्यांस नागविणारी, परदेवतांपुढें धूप जाळणारी, आणि मंदिर उभें आहे तोंवर आपणांस भय कसलें, असें मानणारी ती प्रजा होती. नगर पडणार व हा देवाचा न्याय होय, असें यिर्मया संदेष्टा उघडपणें सांगे. म्हणून सिद्कीया राजानें त्यास पहारेकऱ्यांच्या चौकांत कोंडून ठेविलें.

अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हानामेल त्याजकडे आला. यरुशलेमेच्या ईशान्येस सुमारें तीन मैलांवर अनाथोथ हें यिर्मयाचें गांव. तेथील शेत सोडविण्याचा हक्क तुझा, तेव्हां तें तूं घे, असें तो म्हणाला. भोंवतालचा मुलूख शत्रूच्या ताब्यांत असतां त्या जमिनीस मोल कोण देणार? यिर्मयानें १७ शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि एक मोहरबंद व एक उघडें अशीं दोन्ही खतें बारूखाच्या हातीं सोंपवून मातीच्या मडक्यांत ठेवविलीं. त्या देशांत पुन्हां घरें, शेतें व द्राक्षमळे यांची खरेदी होईल, असें देवाचें अभिवचन होतें. तरी खत झाल्यावर तोहि गोंधळला व याचा अर्थ काय, असें त्यानें प्रार्थनेंत विचारिलें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. हनन्या नामक खोट्या संदेष्ट्यानेंहि पूर्वीं आशाच दिली होती; दोन वर्षांत सारें पूर्ववत् होईल, असें तो म्हणे. पण त्या आशेंत पश्चात्तापास जागा नव्हती. यिर्मयाची आशा न्यायाच्या पलीकडची होती, न्याय टाळणारी नव्हती.

नगर पडलें, मंदिर जळलें. यिर्मयास स्वजनांनींच बळेंच मिसर देशीं नेलें. त्या शेताचें पीक त्यानें घेतल्याचें शास्त्रांत कोठेंहि नाहीं. परंतु ख्रिस्तपूर्व ५३९ मध्यें कोरेश राजानें बाबेल जिंकिलें, बंदिवानांस स्वदेशीं जाण्याची मोकळीक दिली, आणि एज्राच्या ग्रंथांतील परतलेल्यांच्या यादींत अनाथोथचे १२८ पुरुष नोंदलेले आहेत.

ज्युबिलीचा नियम व जमीन सोडविण्याचा नियम लेवीय ग्रंथाच्या एकाच, २५ व्या, अध्यायांत आहेत. म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिली ही केवळ रोषणाई व वाजंत्री नव्हे. आपलीं पापें कबूल करावीं, आणि जें पीक आपण घेणार नाहीं त्याचेंहि मोल आज आनंदानें भरावें. ही बुद्धि परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.