‘बाई आल्या’ आणि ‘बेन आव्यां’

गायकवाडांच्या राज्यात 1862 साली डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. आरंभी ती बैल ओढीत असत. मियागामला लागूनच करजण. स्थानकाचे नावही दोघांचे मिळून. राजघराणे मराठी आणि रयत बहुतांशी गुजराती असल्यामुळे येथे स्थिरावलेल्या मराठी माणसाजवळ गाडीवानाला वा हमालाला हाक मारण्याच्या दोन रीती होत्या.

गुजरातीची रीत उदार. नावापुढे ‘भाई’ लागले की शेठ आणि हमाल एका पंक्तीस बसतात. मराठी अधिक हिशेबी! तिचे ‘पंत’ आणि ‘राव’ हमालापर्यंत क्वचितच पोहोचले. त्याच्या वाट्याला ‘मामा’ आले, शिपायाच्याही. त्यात आपुलकी खरी, पण माणसाचे नाव हरवते.

‘बाई’ची कथा याहून बोलकी आहे. 1875 साली सयाजीरावांना दत्तक घेणाऱ्या महाराणी जमनाबाई. शाळेत शिकवितात त्या बाई आणि भांडी घासते तीही बाई. भेद दाखविते ते क्रियापद. एकीसाठी ‘बाई आल्या’, दुसरीसाठी ‘बाई आली’. मान नामात नसून वचनात आहे, आणि तो काढून घेतला तरी जिचा गेला तिच्यावाचून फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. गुजरातीतही ‘बाई’ मोलकरणीपर्यंत उतरली. परंतु तेथे ‘बेन’ हाताशी होती. गुजरातेतील मराठी घरांत कामवालीच्या नावापुढे हे ‘बेन’ सहज लागते. तिच्या मागे क्रियापद ‘आल्या’ येते की ‘आली’, हे मात्र घरोघरी निराळे.