गवंड्याची सनद

आमच्या मराठवाड्यात घर बांधायचे ठरले, की आधी मुहूर्त पाहतात आणि मग गवंडी. मुहूर्त पाहायला पंचांग असते. गवंडी पाहायला मात्र नुसते नाव. ‘अमक्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला’ एवढे कळले, की घरधन्याचे समाधान होई. बापाने मुलाच्या हाती थापी आणि ओळंबा दिला, की झाला पदवीदान समारंभ! हा दाखला टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन देवळे, कंधार-औशाचे किल्ले, महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान नांदेडला उभारविलेला हुजूर साहिबचा गुरुद्वारा, ही कामे करणाऱ्यांनी कोणती परीक्षा दिली होती? पण तिथे पैसा होता, वेळ होता आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारा कोणी होता. खेड्यातल्या घराकडे पाहणार कोण?

धान्य मुठीत घेऊन पारखता येते, बैलाचे दात मोजता येतात. भिंतीचा चेहरा तेवढा दिसतो. गिलावा झाल्यावर तिच्या पोटात काय आहे ते गवंडी जाणे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी ते पोट उघडे पडले. गणपती बोळवून, दमून झोपलेली माणसे. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर यांसारखी गावे ढिगारे झाली. मृतांचा आकडा आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. भिंती दोन-तीन फूट जाड, दगडाच्या आणि मातीत रचलेल्या. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाची मणामणांची माती खाली आली. ज्या घरांत तुळया लाकडी खांबांवर पेललेल्या होत्या, तिथे भिंती ढासळूनही कोठे कोठे छत उभे राहिले. सुताराने राखले, गवंड्याने घालविले, असे कोणी म्हणेल. मला ते न्यायाचे वाटत नाही. सरकारी नकाशातच हा मुलूख भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. शहाण्यांना जे ठाऊक नव्हते, ते गवंड्याने कोठून शिकावे?

उपाय मात्र जुनाच होता. बलुचिस्तानात १९३१ च्या भूकंपानंतर कुमार नावाच्या एका तरुण इंजिनिअराने रेल्वेची घरे मजबूत बांधविली. १९३५ साली क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, ती घरे टिकली. ही विद्या अठ्ठावन्न वर्षांत किल्लारीच्या उस्तादापर्यंत पोहोचली नाही. उस्ताद आपल्याला ठाऊक असलेलेच शिकवतो. सगळीकडे सारखा असलेला अभ्यासक्रम आणि सारखी परीक्षा यांचे मोल मला इथे दिसते. देशात कारागीर-प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली, परीक्षांना एकच माप लावणारी राष्ट्रीय परिषद १९५६ साली आली. त्यामुळे नांदेडच्या पोराचे प्रमाणपत्र मुंबईतही वाचले जाते. परंतु आयटीआयमध्ये पोरांची गर्दी वायरमन-फिटरच्या वर्गाला. थापी शिकायला शाळेत जायचे, हे आपल्याकडे अजून हसण्यावारी नेतात.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसली. सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती हाती घेतली गेली. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड. भिंतींना सर्व बाजूंनी कवळणारा काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यांची नीट सांधणी, हे गवंड्यांना शिकविले गेले. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या आणि घर कसे बांधायचे हे त्यांनी घरोघरी समजावले. गवंडी शिकला तरी त्याचे काम पाहणारी घरधनीण अडाणी राहिली, तर त्याचे शिकणे आळसात विरते, असे मला वाटते.

आता पेच आहे तो जुन्या माणसाचा. चाळीस वर्षे भिंती उभारलेल्या, पण अंगठा उठविणाऱ्या गवंड्याला कागद नाही म्हणून घरी बसवायचे काय? २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेली कसबे तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. चांगली सोय आहे. पण चार दिवस बसवून फोटो काढला आणि कागद दिला, असे झाले तर त्या कागदापेक्षा उस्तादाचे नाव बरे.

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या बाजूला झालेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा परीक्षा घ्यायचीच तर दगड, पाणी, सिमेंट पुढे ठेवून गवंड्याकडून भिंतीचा एक कोपरा बांधून घ्यावा, पुस्तकी प्रश्न तोंडी विचारावेत आणि गिलावा चढण्याआधी आरपार दगड मोजावेत.