चव्हाट्यावर

‘घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बहुतेक वेळा ते मार खाणाऱ्यालाच ऐकवलं जातं, मारणाऱ्याला नाही.

चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथेच पार असायचा, तिथेच पंच बसायचे, बांधाचं भांडण तिथेच मिटायचं. बाई मात्र तिथून जायची ती डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. म्हणजे गावाचा न्याय जिथे व्हायचा, तिथे तिला बसायलाच जागा नव्हती. म्हणून मार खाणाऱ्या बाईला मिळालेल्या मदतीचा इतिहास लिहायचा, तर आधी एकच साधा प्रश्न विचारावा लागतो: ती बसायची कुठे? धाराशिव जिल्ह्यापुरता तो इथे विचारून पाहतो.

पूर्वी आधार नव्हताच असं नाही. रात्री मागच्या दाराने आत घेणारी शेजारीण होती. चार दिवस ठेवून घेणारी आई होती. पण पाचव्या दिवशी भाऊ तिला एसटीत बसवून परत पाठवायचा, कारण लेकीला घरी ठेवलं की लोक बोलतात. या आधाराला माया होती, पण बळ नव्हतं.

बळ हवं तर कायदा लागतो. 1972 मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि आरोपी सुटले. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. पुढे पुण्याच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन ठिकठिकाणी नेलं. सासरच्या छळाने होणारे मृत्यू ही खासगी बाब नाही, हे त्यातून लोकांसमोर मांडलं गेलं. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498अ हे कलम आलं आणि नवऱ्याचा, सासरचा छळ हा गुन्हा ठरला.

कलम आलं, पण ते वापरायला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. तिथे पहिला प्रश्न यायचा, ‘तुमचं काय चुकलं?’

या अडचणीवर मुंबईत 1984 मध्ये एक वेगळी युक्ती निघाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने थेट मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. इमारत पोलिसांची, पण खुर्चीवर बसलेली व्यक्ती समाजकार्य शिकलेली. ती आधी ऐकून घ्यायची. मग नवऱ्याला बोलावणं जायचं, आणि ते पोलिसांच्या इमारतीतून आलेलं असल्यामुळे तो यायचा. बाईचे दागिने, भांडी, मुलांची कागदपत्रं सासरी अडकली असतील तर ती परत मिळवायला मदत व्हायची. वकील, निवारा, दवाखाना यांची वाट दाखवली जायची. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की दोघांना समोरासमोर बसवलं तरी मारहाणीवर घासाघीस नव्हती. ‘थोडं तू सोस, थोडं तो सुधारेल’ हा पारावरचा हिशेब तिथे चालत नव्हता. पुढे राज्य सरकारने ही रचना जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

याच संस्थेने 1986 मध्ये आपलं ग्रामीण केंद्र काढलं ते तुळजापुरात. पण धाराशिवच्या बायकांना चव्हाट्यावर बसायला मिळालं, त्याचं कारण निराळंच होतं.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात घर गार ठेवणारी हीच रचना माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली.

पुनर्वसनाचं काम प्रचंड होतं. काही गावं नव्या जागी वसली. पण त्याहून कितीतरी जास्त घरांची जागेवरच दुरुस्ती करून ती मजबूत करायची होती. त्यासाठी पैसे हप्त्याने मिळणार होते, बांधकामावर घरमालकाने लक्ष ठेवायचं होतं, आणि इंजिनिअरची भाषा गावाला कळत नव्हती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावातल्या बायका पुढे आणल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून अशा शेकडो बायका उभ्या राहिल्या. हप्ता कधी येणार, सळई कुठे टाकायची, कोणाचं नाव यादीतून सुटलं, हे त्या विचारायच्या. सभा भरवायच्या. तालुक्याला जाऊन साहेबांसमोर बसायच्या.

यात मारहाणीचा विषय कुठेच नव्हता, हे खरं. पण जी बाई घरकुलाच्या यादीसाठी पन्नास माणसांत तोंड उघडते, तिच्याकडे शेजारीण दुसरीही गोष्ट घेऊन येतेच. पुढे बचत गट आले आणि दर महिन्याला बायकांनी एकत्र बसायला सबब मिळाली. वीस रुपये भरायला आलेल्या बाईच्या दंडावरचा वळ इतर नऊ जणींना दिसतो. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. ‘पाय घसरून पडले’ हे उत्तर खरं की खोटं, हे गावातल्याच बाईला लगेच कळतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र निघालं ते याच जाणिवेतून, की मार लपवणारी बाई पोलिसांकडे जाणार नाही, पण मलमपट्टीला येईल.

मग गाडी पुन्हा पारावर आली. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांध, वाट, पाणी यांचे तंटे गावातच मिटावेत, हा हेतू चांगला. पण मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवर बक्षीस असलं, की बायकोला मारणं हाही एक ‘तंटा’ होऊन बसण्याचा धोका असतो. बांधाच्या भांडणात दोन बाजू असतात. इथे एक मारतो आणि दुसरी मार खाते. यात समेट कशाचा करायचा?

त्याच सुमाराला, 26 ऑक्टोबर 2006 पासून, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला होता. ज्या घरात ती राहते तिथून तिला कोणी हाकलू शकत नाही, घर कोणाच्याही नावावर असो, असं तो सांगतो. अर्ज करायला मदत करणारा संरक्षण अधिकारीही त्याने दिला. राज्यात हे काम सुरुवातीला आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात जादा जबाबदारी म्हणून पडलं. 2015 पासून केंद्राच्या योजनेतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आली: वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली. 181 हा फोन नंबरही आला.

आता जिल्ह्याचा नकाशा उघडा. एका टोकाला परांडा, दुसऱ्या टोकाला उमरगा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणची कार्यालयं धाराशिव शहरात. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे चांगलंच झालं. पण मारहाण बहुतेकदा शेवटची गाडी गेल्यावर होते. त्या रात्री तिला आत घेणारं दार आजही शेजारणीचंच असतं, आणि 181 लावायला फोनही बहुधा तिचाच.