खर्डा, फितूर साक्षीदार आणि शाहीर

खर्डा हे नाव शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. जामखेड तालुक्यातलं गाव. ११ मार्च १७९५, मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शाहिरांनी त्या लढाईचे पोवाडे केले. संगमनेरचे अनंत फंदी त्याच काळातले, म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्याचे. आता अहिल्यानगर म्हणायचं. पोवाडा म्हणजे काय, तर घडलेली गोष्ट नाव-गाव घेऊन चारचौघांत उभं राहून सांगायची. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वय सतरा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून त्याला शाळेतून मारत नेलं आणि झाडाला लटकवलं, असा आरोप होता. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यात, सोनईला, तीन दलित तरुणांचे खून झाले होते. सोनईचा खटला नाशिकला चालला आणि २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खर्ड्याचा खटला नगरलाच चालला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नऊ आरोपी निर्दोष सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते.

‘फितूर’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. ज्याच्या शेतात मजुरी, ज्याच्या दुकानात उधारी, त्याच्या माणसांविरुद्ध बोलायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत त्याच गावात उतरायचं. साक्ष गावातल्याच माणसाला द्यावी लागते, कारण पाहिलेलं त्यानं असतं. शाहीर बाहेरगावचा असतो. तो गातो आणि रात्री निघून जातो. माझ्या मते आपल्याकडे अत्याचाराच्या बातमीमागोमाग गाणं येतं त्याचं एक कारण हे आहे.

ही वाट जुनी आहे. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आठवा, १९३० च्या दशकातले. तमाशाचा साचा तोच, पण गवळण गेली, नाचणारी बाई गेली. त्या जागी पाणवठा आला, मंदिराचं दार आलं, मेलेली जनावरं ओढण्याची सक्ती आली. गंमत बघा, ढोलकी-हलगी वाजवणं हे गावगाड्यानं ज्यांच्यावर जातीचं काम म्हणून लादलं होतं, त्यांनीच ते वाद्य गावगाड्याविरुद्ध उचललं. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार, त्यांचं ‘बलुतं’ १९७८ चं. हा गावगाडा आतून कसा होता ते त्यात वाचा.

पुढे मुंबईत, ११ जुलै १९९७ ला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन तिथून चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. मधल्या काळात, २००२ च्या गुजरात दंगलींनंतर, पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. त्यातल्या कलावंतांवर यूएपीएखाली खटले झाले.

म्हणजे शाहीर निघून जातो हे मी म्हटलं खरं, पण त्याला परत आणतात, आरोपीच्या पिंजऱ्यात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ याच विषयावर आहे. तुमचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो. ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, आणि सिनेमातली गाणी संभाजी भगत यांची.

जरा बाहेर पाहू. १९५५, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. एमेट टिल, वय चौदा, काळा मुलगा. गोऱ्या बाईची छेड काढली म्हणून मारला. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं दोघा आरोपींना सोडलं आणि पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकात कबुली दिली. बॉब डिलननं १९६२ मध्ये त्या मुलावर गाणं केलं. निकाल त्यानं बदलला नाही.

आपल्याकडे उलटंच घडलं. इथे कलाकृती आधी आली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. वरच्या जातीतल्या मुलीवर जीव जडलेला कैकाडी मुलगा जब्या. खर्ड्याची बातमी आली ती अडीच महिन्यांनी. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे जामखेडच्या शेजारचेच. त्या सिनेमात डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं घरदार जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं. डुक्कर कशाला थांबतंय! थेटरात त्या प्रसंगाला लोक हसायचे. मला वाटतं, हसू यावं असाच तो रचला आहे, आणि मग ते घशात अडकावं.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. अजय-अतुल यांची गाणी त्यानंतर प्रत्येक वरातीत वाजली. सोनई-खर्ड्याच्या आसपासच्या वराती काही त्याला अपवाद नसणार. पण सिनेमाच्या शेवटी दोघांचे खून होतात, त्यांचं लहान मूल रक्ताची पावलं उमटवत रडत घराबाहेर येतं, आणि तिथे मंजुळे यांनी आवाज पूर्ण बंद केला आहे. संगीत नाही, रडण्याचाही आवाज नाही. तेवढा भाग कुठल्या डीजेला वाजवता येत नाही.