आधी पावले मोजली, मग भिंती आखल्या : फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई झाली. फ्रँकफुर्ट शहराने १९२५ मध्ये बांधकामाची सूत्रे वास्तुशिल्पी अर्न्स्ट माय यांच्याकडे दिली आणि पुढच्या पाच वर्षांत तिथे हजारो घरे उभी राहिली. भाडे परवडायचे तर खोल्या लहान ठेवणे भाग होते. या घरांचे स्वयंपाकघर १९२६ मध्ये व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोट्स्की यांनी आखले. स्वयंपाकघरात कोणते काम कुठे होते, त्याला किती वेळ लागतो आणि किती पावले पडतात, हे त्यांनी आधी मोजले. भिंती आणि कपाटे नंतर.

या विचाराचे मूळ अमेरिकेत आहे. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१० च्या दशकात कारखान्यातले श्रम मोजण्याची टेलर यांची पद्धत घरकामाला लावली. भांडीकुंडी आणि शेगडी वेड्यावाकड्या जागी असली की बाईची किती ये-जा होते, हे त्यांनी आराखड्यावर रेषा काढून दाखवले. त्यांचे पुस्तक जर्मन भाषेत आले आणि लिहोट्स्की यांच्या वाचनात आले. दुसरा नमुना होता आगगाडीच्या भोजनयानातला चिंचोळा मुदपाकखाना.

फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. खिडकीखाली चिराचिरीचे टेबल, समोर फिरते स्टूल. मीठ, साखर, डाळी यांसाठी अॅल्युमिनियमचे खण. प्रत्येकावर जिन्नसाचे नाव आणि सामान ओतता यावे म्हणून पुढे चोच. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यात पिठाला कीड लागत नाही असे मानत. छतावरचा दिवा हवा तिकडे सरकवता येई. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माश्या बसत नाहीत अशी समजूत होती. इतक्या बारीकसारीक गोष्टींचा विचार कामगारवस्तीतल्या बाईसाठी झाला, हे या कामाचे खरे मोठेपण.

सगळे सामान भिंतीला जडवलेले असे आणि त्याचा खर्च भाड्यात धरलेला असे. तक्रारीही आल्या. घरचे जुने कपाट आत मावेना, दुसरे कोणी मदतीला आले तर उभे राहायला जागा नसे, आणि खालच्या खणांना मुलांचे हात पोचत. बाजूच्या खोलीत खेळणारी मुले सरकत्या दारातून दिसत, ही सोय होती. पण मोजमाप एकटीने राबणाऱ्या बाईचेच होते. चार माणसांनी मिळून स्वयंपाक करायच्या घरांना ते अपुरे पडणारच.

अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. स्वीडनमध्ये १९४४ साली स्थापन झालेल्या गृहसंशोधन संस्थेने घरकामाची मोजमापे पुढे चालू ठेवली, तर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम रूढ झाला. फ्रँकफुर्टमधली बहुतेक मूळ स्वयंपाकघरे पुढे नूतनीकरणात निघाली. र्‍योमरश्टाट वसाहतीतले एक घर आता संग्रहालय आहे आणि तिथे ते पूर्ववत केलेले स्वयंपाकघर पाहता येते.