तांब्याची नळी आणि दोन संशोधक

नखांवरचा रंग पुसण्यासाठी पुष्कळदा वापरतात तो उग्र वासाचा द्रव म्हणजे ॲसिटोन. कीटोन कुळातले सर्वांत धाकटे अपत्य. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनला कॉर्डाइट ही स्फोटक दारू बनविण्यासाठी ते हवे होते, आणि मिळे ते लाकूड बंद भट्टीत तापवून निघणाऱ्या आम्लापासून. येथे इतिहासकार वाइझमनच्या जंतूंची हकीगत सांगतात. ती रंजक खरीच. परंतु आमच्या मते अधिक दूरवर पोचलेली गोष्ट त्याआधीच फ्रान्सात तुलूझ येथे घडून गेली होती.

तेथे पॉल साबातिये हे प्राध्यापक आणि झाँ-बाप्तिस्त सँदेरँस हे धर्मगुरू एकत्र काम करीत. १८९७ मध्ये त्यांनी निकेलच्या भुकटीवरून एथिलीन व हायड्रोजन नेले. दोहोंचा संयोग होऊन एथेन मिळाले. पुढे १९०३ च्या सुमारास त्यांनी प्रश्न उलटा केला. धातू हायड्रोजन जोडून देतो, तर काढूनही घेईल काय? निकेल या कामी फार तापट. ते रेणूच मोडू पाहते. तांबे मवाळ निघाले. अडीचशे-तीनशे अंशांवर नळीतल्या तांब्यावरून दुय्यम अल्कोहोलची वाफ सोडली, की हायड्रोजन सुटतो आणि कीटोन हाती येते. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून स्वतः कोरडा राहणारा मध्यस्थ, असे आपण समजतो. साबातियेंना ते मान्य नव्हते. धातू हायड्रोजनशी क्षणभर खरोखरच संयोग पावतो व लगेच त्याला सोडतो, असे ते म्हणत. म्हणून तर तोच मध्यस्थ जोडणे आणि तोडणे ही दोन्ही कामे करू शकतो!

१९१२ चे नोबेल पारितोषिक साबातिये आणि ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. सँदेरँसना काही नाही. ग्रिन्यारची योग्यता वादातीत आहे. पण ज्या निबंधांवर दोघांची नावे होती, त्यांच्या मानातून एक नाव गळावे, हे आम्हांस आजही खटकते.

१९२० पासून अमेरिकेत खनिज तेलाच्या वायूंपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल होऊ लागले, आणि त्याचे ॲसिटोन करण्यास तांब्याची वाट तयारच होती. पुढे ॲसिटोनसाठी क्युमीनची रीत स्वस्त पडली. रंग व गोंद पातळ करणारे मेथिल एथिल कीटोन मात्र दुय्यम ब्यूटिल अल्कोहोलपासून, तांबे किंवा जस्त असलेल्या उत्प्रेरकांवरच आजही मोठ्या प्रमाणात तयार होते.