कोकणकडा
हरिश्चंद्रगडाच्या (उंची सुमारे १,४२४ मी.) पश्चिम अंगास असलेला, कोकणाकडे तुटलेला अर्धवर्तुळाकार कडा व गिरिभ्रमणस्थळ. तो अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ठाणे व पुणे जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन हा कडा उघडा पडला [→ दख्खन ट्रॅप, सह्याद्रि]. त्याचा माथा पुढे झुकलेला, तर मधला भाग नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. या बाकामुळे खालून येणारा वारा वर उसळतो. पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणीही तो उलट उडवतो.

येथील विशेष म्हणजे इंद्रवज्र. सकाळी सूर्य पाठीशी व दरीत धुके असताना धुक्याच्या सूक्ष्म थेंबांवरून परत विखुरलेल्या प्रकाशाचे पूर्ण रंगीत वलय दिसते. वलयाच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील १८३५ च्या लेखात त्याची नोंद केली [→ इंद्रधनुष्य].

गडावर येण्यासाठी पाचनई गावाची वाट सर्वांत सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांबची आहे. कोकणातील बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट उभ्या घळीतली व दगडधोंड्यांची असून पावसाळ्यात ती टाळावी. माथ्यावर कडेशी पालथे पडूनच खाली पाहणे सुरक्षित. गडावर हरिश्चंद्रेश्वर मंदिर व केदारेश्वर लेणे आहे. परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो [→ कळसूबाई, माळशेज घाट, हरिश्चंद्रगड].